डावा स्पीकर मुका आहे

खोलीत एकूण चोवीस वस्तू होत्या. स्पीकर दोन, लॅपटॉप एक, आवाजाची बटणं असलेली छोटी पेटी एक. खुर्च्या सात, त्यांतल्या एकीचा पाय तांब्याच्या तारेनं बांधलेला. सतरंजी एक. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या जुन्या गाद्या चार. पंखा एक, भिंतीवरचं घड्याळ एक, बिस्किटांचे रिकामे डबे दोन, दोनशे पानांची वही एक आणि पेनं तीन. त्यांतली दोनच चालायची. माणसं मी यात धरलेली नाहीत. ती रविवारी यायची आणि जायची.

मित्रांनो, त्या दोन स्पीकरांपैकी डाव्या बाजूचा तो मी. माझं वय पंधरा वर्षं. माझं लाकूड कोपऱ्यावर फुगलं आहे आणि पुढची जाळी हरवली आहे. तरी माझी गोष्ट जाळीची नाही. ती एका माणसाची आहे, आणि मी ती सांगतो आहे, कारण दीड वर्षं त्याचा आवाज माझ्या छातीतून गेला.

मला बनवणाऱ्यांनी माझ्यात दोन गळे बसवले. मोठा कागदी गळा खालच्या आवाजांसाठी, आणि अंगठ्याएवढा रेशमी गळा वरच्या आवाजांसाठी. घरातले स्पीकर गाणं गोड करून सांगतात. आम्हांला तसं करायची मुभा नसते. रेकॉर्डिंग स्टुडिओत लागतो तसा स्पीकर मी. जे आत येतं, तेच आणि तेवढंच बाहेर द्यायचं, हे माझं काम.

माझी पहिली अकरा वर्षं पेठ वडगावच्या एका लहान स्टुडिओत गेली. तिथं भजनं रेकॉर्ड व्हायची, लग्नाच्या गाण्यांचे अल्बम व्हायचे, आणि निवडणुका आल्या की रिक्षावरून फिरवायच्या घोषणा व्हायच्या. एकदा माझ्या मोठ्या गळ्यामागची तार जळली. तेव्हा कोल्हापूरहून अण्णासो आले. शिवाजी पेठेत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारींची जळलेली तार काढून नवी गुंडाळणं हा त्यांचा धंदा. त्यांनी माझी तारही तशीच गुंडाळली. मग पेचकसाचं टोक माझ्या पाठीवर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"हां. बरा झाला," ते म्हणाले.

मोटारीचा दोषही ते असाच ऐकून ओळखतात. पुढं स्टुडिओ बंद पडला, तेव्हा त्यांनी आम्हां दोघांना शिवाजी पेठेत आणलं. त्यांच्या मुलाचं नाव अनेकांत. तो विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होता. त्यानं दुकानाच्या वरची खोली झाडली, गाद्या टांगल्या, आणि मोबाइलवर नाहीतर लॅपटॉपवर स्वतःचं संगीत बनवणाऱ्या पोरांना बोलावलं. दर रविवारी दुपारी दोनला बसायचं, एकमेकांचे ट्रॅक ऐकायचे आणि काय सुधारता येईल ते सांगायचं. अण्णासो सूर्यास्ताच्या आत जेवणारे, आणि जेवणाची वाट त्याच खोलीतून जायची, म्हणून बैठक पाचच्या ठोक्याला संपायची.

पहिल्या चार बैठका वाया गेल्या. तिसऱ्या रविवारी मंगळवार पेठेतल्या पृथ्वीराजचा ट्रॅक लागला. शिवाजी पेठेतला राजवर्धन अर्ध्यातच उठला. त्याचा आवाज मला पूर्ण ताकदीनंही झाकता आला नसता.

"आरं, हे गाणं हाय का काय? भांड्याचं दुकान जिन्यावनं गडगडत खाली आल्यागत वाजतंय!"

त्यानंतर राजवर्धनच्या तालमीतल्या मित्राचा ट्रॅक लागला. त्यात बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, इतका फुगलेला होता, की माझा मोठा गळा नुसता थरथरत होता. खरंतर भांड्यांचं दुकान ते होतं. राजवर्धननं मांडीवर थाप मारली. "नाद खुळा! एकच नंबर, भावा!"

"तुझ्या पेठंचं असलं की झालं. माझंच गाणं त्यानं लावलं असतं तर नाचला असतास की," पृथ्वीराज म्हणाला.

फार्मसी शिकणारी संयोगिता त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही ट्रॅकला मार्क देताय का गल्लीला? तसं असलं तर मी माझं सांगते, मी राजारामपुरीची हाय. कुठल्या बाजूला बसू?"

त्यानंतर आठवडाभर फुटबॉलचे सामने होते आणि बैठकीला कोणीच आलं नाही. अनेकांत एकटाच खोलीत बसून विचार करत राहिला. तो विज्ञानाचा विद्यार्थी. त्याला वाटलं, नाव कळलं की कान बंद होतात. मग नावच नको.

पाचव्या बैठकीपासून नवी रीत सुरू झाली. एका डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या. ज्यानं त्यानं एक आकडा काढायचा, एकट्यानं लॅपटॉपपाशी जायचं, आपल्या ट्रॅकला तो आकडा देऊन ठेवायचा. त्या वेळी बाकीचे तोंड फिरवून बसायचे आणि अनेकांत स्वतः जिन्यात जाऊन उभा राहायचा. दर रविवारी आकडे नवे. ट्रॅक कुणाचा, हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही. मग प्रत्येकानं तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत, काय मनात राहिलं. दुसऱ्या ओळीत, कुठल्या मिनिटाला काय खटकलं. तिसऱ्या ओळीत, त्यावर काय करून बघता येईल. 'बेकार' आणि 'नाद खुळा' हे शब्द लिहायला बंदी. राजवर्धन कुरकुरला, "मग आमच्याकडं शब्द राहिलं किती?" पण त्यानं पाळलं.

बैठकीनंतर ज्याचा आकडा त्यानं आपल्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि घरी न्यायच्या. एखाद्या ट्रॅकच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर दुसरी ओळ रिकामी आली, तर अनेकांत वहीत त्या आकड्यापुढं एकच शब्द लिहायचा, 'झाला'. दीड वर्षात तो शब्द अकरा वेळा लिहिला गेला.

रीत चांगली होती, मित्रांनो. पृथ्वीराजला एका चिठ्ठीत मिळालं, "बास आणि ढोल एकाच पाटावर बसलेत, एकाला उठवा." त्यानं ढोल थोडा वर सरकवला आणि पुढच्याच महिन्यात त्याचा ट्रॅक झाला. ती चिठ्ठी राजवर्धनची होती. मला अक्षर दिसत होतं. दोघांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्या दिवसांत स्वतःचा अभिमान वाटायचा. मी खरं सांगत होतो आणि माणसं ते एकमेकांना नीट सांगायला शिकत होती.

विजयसिंह या नव्या रीतीनंतर आला.

तो बिद्रीजवळच्या एका गावातून एसटीनं यायचा. तेवीस वर्षांचा. तारेनं पाय बांधलेली खुर्ची त्यानं पहिल्या दिवशी आपण होऊन घेतली आणि पुढं तीच त्याची झाली. सतराव्या वर्षापासून तो एका डीजे साउंडवर ऑपरेटर होता. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर बॉक्सची भिंत उभी असते. तिच्या कडेला मिक्सर घेऊन उभा राहणारा तो. वरचे आवाज फेकणाऱ्या बॉक्सना ते 'टॉप' म्हणतात. टॉपची थप्पी त्याच्या डाव्या हाताला असायची, कानापासून चार फुटांवर. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. बैठकीत माणसाबद्दल काही विचारायचंच नाही, अशी रीत.

पण त्याचे ट्रॅक मी ओळखायचो. आकडा कुठलाही असो, त्यात घुंगरं असायची. गावाच्या फाट्यावर एक रसवंती होती. उसाच्या चरकाला बांधलेली तिथली घुंगरं त्यानं शाळेत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. चरक फिरतोय, घुंगरं वाजतायत, मग चाक हळूहळू थांबतंय आणि शेवटी दोन-तीनच घुंगरं उरतात. एवढा तुकडा. तो तुकडा घेऊन त्याखाली त्याला एक ट्रॅक बांधायचा होता. मिरवणुकीत वाजवायला नाही, नुसता ऐकायला. वहीत त्यापुढं 'झाला' हा शब्द यावा, एवढंच त्याला हवं होतं. दीड वर्षात त्यानं एकोणीस ट्रॅक आणले. एकोणीसच्या एकोणीस ट्रॅकांत तोच चरक फिरत होता.

पहिल्या ट्रॅकमध्ये घुंगरं बाकीच्या आवाजांपेक्षा चार डेसिबल वर होती. माझ्या रेशमी गळ्याला ते लगेच जाणवतं. चिठ्ठ्या आल्या. "१:१२ ला घुंगरू टोचतं. वरचा आवाज थोडा कमी करून बघा." "कल्पना सुंदर, पण कानात सुई गेल्यासारखं होतं." विजयसिंह त्या चिठ्ठ्या खुर्चीवर बसूनच वाचायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि पाच वाजता खाली उतरायचा.

नवव्या ट्रॅकला घुंगरं सात डेसिबल वर होती. चिठ्ठ्यांमधली भाषा सभ्यच होती, पण ओळी आखूड होत चालल्या. "पुन्हा घुंगरू. कमी करा." कुणाला माहीत नव्हतं, की हा मागच्याच माणसाचा ट्रॅक आहे. त्यांना वाटायचं, तीन-चार जणांना घुंगरांची हौस आहे. राजवर्धन एकदा मोठ्यानं म्हणालाही, "रसवंतीवाल्यांची युनियन आलीय का काय आपल्यात?" सगळे हसले. विजयसिंहही हसला.

बाराव्या वेळी त्यानं चिठ्ठ्यांचं ऐकलं. घुंगरं इतकी खाली आणली, की ती बाकीच्या आवाजांत बरोबर बसली. मी तो ट्रॅक वाजवला तेव्हा माझ्या छातीत कुठंही ओढाताण नव्हती. सात चिठ्ठ्यांपैकी सहांवर दुसरी ओळ रिकामी होती. सातवीवर लिहिलं होतं, "अगदी किंचित कमी, मग झाला." विजयसिंहनं त्या चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. मग तो स्वतःशीच पुटपुटला, आणि मी सगळ्यांत जवळ असल्यामुळं मलाच ऐकू आलं.

"पण ह्यात घुंगरं हाईतच कुठं?"

ज्या ट्रॅकमध्ये त्याला त्याची घुंगरं मुळीच ऐकू आली नाहीत, तोच लोकांना आवडला होता. त्यावर त्यानं काय समजावं? तेराव्या ट्रॅकला त्यानं घुंगरं पुन्हा वर नेली. एकोणिसाव्या ट्रॅकला ती अकरा डेसिबल वर होती आणि संयोगितानं मधेच कानावर हात ठेवले.

आणखी एक गोष्ट होती. दुसरा बिस्किटाचा डबा खोलीबद्दलच्या सूचनांसाठी होता. पंखा वाजतो, सतरंजी झटका, असलं काहीबाही त्यात यायचं. त्यात एक दिवस निनावी चिठ्ठी आली, "डावा स्पीकर मुका आहे. वरचं काहीच येत नाही."

तो मी.

माझ्याबद्दल असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. महिन्याभरानं तशीच दुसरी चिठ्ठी आली, मग तिसरी. अनेकांतनं माझ्यासमोर कान आणला. त्याला काही जाणवलं नाही. पण तीन चिठ्ठ्या म्हणजे तीन माणसं, असं त्यानं धरलं. राजवर्धन म्हणाला, "म्हातारं झालंय ते. दे की रिटायर करून." मग मला त्याच खोलीच्या माळ्यावर चढवलं, अंगावर वॉर्निशचे डाग पडलेलं पोतं टाकलं, आणि माझ्या जागी संगणकाचा एक छोटा स्पीकर आणून ठेवला. पाच महिने मी तिथं होतो. खाली माझा जोडीदार वाजायचा आणि त्याच्या शेजारी एक परका. मला सगळं ऐकू यायचं. माझ्यावर धूळ बसत होती, आणि मला खरंच वाटू लागलं होतं, की आपण मुके झालो असू.

पाचव्या महिन्यात डब्यात चिठ्ठी निघाली, "डावा अजून मुकाच आहे."

अनेकांतनं ती वाचून नव्या छोट्या स्पीकरकडे पाहिलं. दोन वेगळ्या यंत्रांत तोच दोष, त्याच बाजूला? त्यानं तार बदलली. पेटीतलं डावं-उजवं तपासलं. मग मला खाली उतरवलं, पोतं काढलं, एक मीटरवर माइक ठेवला आणि सगळ्यांत खालच्या सुरापासून सगळ्यांत वरच्या सुरापर्यंत मला वाजवलं. पडद्यावर माझ्या आवाजाची रेषा दीड डेसिबलच्या आत सरळ निघाली. जवळजवळ नव्यासारखी.

अण्णासो जेवायला निघाले होते. ते दारात थांबले.

"काय रं, काय झालं?"

"अण्णा, यंत्र तपासलं, तार तपासली. सगळं बरोबर आहे. तरी तक्रार येतेय."

अण्णासोंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जिथं त्यांनी तार गुंडाळली होती तिथं. "सगळं तपासलंस व्हय? आन् ऐकणारा?"

अनेकांतनं डबा सतरंजीवर उपडा केला. खोलीबद्दलच्या एकूण चिठ्ठ्या एकशे बारा होत्या. त्यानं त्या अक्षरावरून वेगळ्या केल्या. 'डावा' शब्द असलेल्या चार चिठ्ठ्या निघाल्या आणि चारींचं अक्षर एकच होतं. चार माणसं नव्हती. एकच माणूस चार वेळा सांगत होता.

पुढच्या रविवारी त्यानं मला पुन्हा मांडलं, पण गुपचूप आमच्या जागा बदलून. मी उजवीकडे बसलो, उजवा डावीकडे. बैठक झाली. डब्यात पाचवी चिठ्ठी निघाली, "डावा आता जास्तच मुका झालाय." मी तर उजवीकडे होतो.

अनेकांतनं स्वतःची रीत मोडली. चिठ्ठी वर धरली आणि विचारलं, "ही कुणाची?"

तारेच्या खुर्चीवरून हात वर झाला. "माझी हाय. का? तुम्हांला येतंय का वरचं?"

मग अनेकांतनं त्याला माझ्यासमोर बसवलं, डावा कान माझ्याकडे करून. उजव्या कानात कापसाचा बोळा घातला आणि वरून तळहात दाबून धरायला सांगितलं. डोळे मिटायचे, ऐकू आलं की बोट वर करायचं.

अडीचशे हर्ट्झ. बोट लगेच वर. पाचशे, वर. हजार, वर. दोन हजार, जरा उशिरा वर. मग चार हजार. घुंगरांचा सूर याच्याच आसपास असतो. अनेकांत पाच-पाच डेसिबलनं आवाज वाढवत गेला. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. साठला संयोगितानं कानावर हात घेतले. पासष्टला पृथ्वीराज उठून जिन्यात गेला. सत्तरला राजवर्धननं तोंड वाकडं करून मान फिरवली. त्या सगळ्यांच्या मधोमध विजयसिंह डोळे मिटून शांत बसला होता. बोट मांडीवर.

"सुरू केलंय का न्हाय अजून?" त्यानं विचारलं.

मी तेव्हा ओरडत होतो, मित्रांनो. माझ्या रेशमी गळ्यातून जेवढं निघेल तेवढं मी त्याच्याकडे पाठवत होतो.

पंचाहत्तरला बोट किंचित हललं.

डोळे उघडल्यावर त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो हिशेबानं बोलला. "म्हंजे घुंगरं खरंच टोचत हुती? माझ्या एकोणीसच्या एकोणीस ट्रॅकांत?"

"तुझे एकोणीस ट्रॅक होते?" अनेकांतनं विचारलं. "नावं असती तर मला तिसऱ्याच महिन्यात कळलं असतं."

"आरं, मग बोलायचं न्हाईस का?" राजवर्धन एकदम भडकला. कुणावर, ते त्यालाही ठाऊक नसावं. "एवढं साऱ्यांनी लिहिलं टोचतंय, टोचतंय, तर इचारायचं न्हाईस, कसं टोचतंय?"

"इचारायचं न्हाय अशी रीत हाय की," विजयसिंह म्हणाला.

फेब्रुवारीत अनेकांत त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथून आणलेला आलेख त्यानं माझ्यावर ठेवला, म्हणून मला तो पाहता आला. त्यातला आकडा म्हणजे आवाज किती मोठा करावा तेव्हा ऐकू येतो ते. पंचवीसपर्यंत ठीक. त्यापुढं आकडा जितका मोठा, तितका कान गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठा आवाज त्यांना आडवं पाडतो. काही दिवस त्या उठतात. मग एक दिवस उठत नाहीत, आणि एकदा गेल्या की औषधानं परत येत नाहीत. डावा कान टॉपच्या थप्पीकडे असायचा, म्हणून तो जास्त गेला. उजवाही चांगला नव्हता.

संयोगितानं त्याच्यासाठी कानात घालायचे फोमचे बोळे आणले. अण्णासोंनी सांगितलं, की दुकानात ये, हाताला काम हाय, तार गुंडाळायला कान लागत न्हाय. विजयसिंह म्हणाला, "बघू की."

एप्रिलमध्ये त्यानं विसावा ट्रॅक आणला. आता नाव लपवण्यात अर्थ नव्हता. अनेकांतनं त्याला पडद्यावरचा आलेख वाचायला शिकवला होता. प्रत्येक सुराची उंची तिथं रेघेनं दिसते. विजयसिंहनं तो ट्रॅक कानानं बनवला नव्हता, डोळ्यांनी बनवला होता. घुंगरांची रेघ जिथं असायला हवी, तिथं आणून ठेवली होती.

मी तो वाजवला. पंधरा वर्षांत मी बरंच काही वाजवलं आहे. त्या दिवशी माझ्या दोन्ही गळ्यांना कुठं काही ओझं झालं नाही. चरक फिरला, खाली बास हळू चालत राहिला, घुंगरं वाजली आणि चाकाबरोबर थांबत गेली. सात चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. सातही चिठ्ठ्यांवर दुसरी ओळ रिकामी. अनेकांतनं वही उघडली आणि विजयसिंहच्या समोर लिहिलं, 'झाला'.

विजयसिंह त्या शब्दाकडे बघत राहिला. मग राजवर्धनकडे वळला.

"कसा वाजतोय रं? सांग की."

राजवर्धनला आपला नेहमीचा शब्द वापरता आला असता. त्या दिवशी कुणी अडवलं नसतं. तो खुर्ची ओढून जवळ बसला, आणि पहिल्यांदाच मी त्याला हळू बोलताना ऐकलं.

"घुंगरं अशी लांबनं येत्यात. फाट्यावरनं. रस काढून झालाय, गिऱ्हाईक गेलंय, चाक थांबत आलंय, आन् शेवटची दोन-तीन नुसती... हलल्यावानी."

"व्हय," विजयसिंह म्हणाला. "तसंच पायजे हुतं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला नुसता चरक ऐकू येतोय."

त्यानं तो ट्रॅक परत लावायला सांगितला नाही.

जुलैत तो शेवटचा बैठकीला आला. बोळ्यांचं काय, असं संयोगितानं विचारलं. तो हसत म्हणाला, "घातलं हुतं एका वरातीला. बोळं घातलं की मला माणूस बी ऐकू येत न्हाय. मालक हाका मारतोय आन् मी आपला त्याच्याकडं बघून हसतोय. पब्लिक म्हंतंय, ऑपरेटर टाकून आलाय."

"मग दुकानात ये ना," अनेकांत म्हणाला. "अण्णा विचारत होते."

"आठ वर्षं हेच केलंय, दादा. अख्ख्या तालुक्यात साउंड लावायला मला बोलीवत्यात. तुमच्या खोलीत मी एकोणीस वेळा नापास झालो. तिथं कुणी मला चिठ्ठी देत न्हाय." मग त्यानं खुर्चीच्या पायाची सैल झालेली तार बोटानं घट्ट केली. "गणपती होऊ देत."

गणपती झाले. विसर्जनानंतरच्या सहा रविवारी तारेची खुर्ची रिकामी होती. मग चार खुर्च्या रिकाम्या झाल्या, मग सगळ्या. कुणी भांडलं नाही. चिठ्ठी लिहायला बसलं की पेन दुसऱ्या ओळीवर अडायचं. आता खोलीत गुंडाळायच्या मोटारी ठेवतात. माझ्यावर पुन्हा पोतं आहे. मी बिघडलेलो नाही. दीड डेसिबलच्या आत माझी रेषा अजून सरळ असेल.

मित्रांनो, मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको. धूळ पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्यातल्या कुणी एखादी गोष्ट बनवून आणली आणि तिच्यातली तीच चूक तुम्हांला पुन्हा पुन्हा दिसली, तर ती पुन्हा पुन्हा लिहून देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, तुला हे कसं ऐकू येतं? आम्ही हे एकोणीस रविवारी विचारलं नाही. आणि मोठ्या आवाजाच्या बॉक्सपाशी उभे असाल, तर लांब व्हा. कुणी हसलं तरी व्हा. ट्रॉलीवर उभ्या माणसाला लांब होता येत नाही, त्याला खाली उतरवा. मी आयुष्यभर खरंच सांगत आलो. तो माझ्यापासून दीड मीटरवर बसायचा, आणि माझं त्याला पोचत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये अनेकांत बिद्रीला जाऊन त्याला पुन्हा तपासणीला घेऊन आला. तो कागदही माझ्यावर ठेवला होता. वहीत, विसाव्या ट्रॅकच्या 'झाला' खाली, अनेकांतनं दोन ओळी उतरवून घेतल्या आहेत.

फेब्रुवारी. चार हजार हर्ट्झ. डावा कान सत्तर डेसिबल, उजवा पन्नास.

ऑक्टोबर. चार हजार हर्ट्झ. डावा कान पंच्याऐंशी डेसिबल, उजवा सत्तर.